विमा मंडळाचा, नुकसान माझ्या रानाचं

मराठवाड्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरची सात एकर कोरडवाहू जमीन, त्यातल्या पाच एकरांत सोयाबीन आणि मधल्या काही ओळी तुरीच्या. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, नवरा पुण्याला कंपनीत, रान बघतात त्या स्वतः. २०२४ च्या पावसात त्यांनी मोबाइलवरून विमा कंपनीला पूर्वसूचना दिली होती आणि थोडे पैसे खात्यात आले होते. २०२५ च्या सप्टेंबरात नाल्याकाठच्या दोन एकरांत चार दिवस पाणी उभं राहिलं, शेंगांना जागेवरच कोंब फुटले. तेव्हा कळलं की आता तशी सूचना घेतच नाहीत. उरलं ते वीस क्विंटल सोयाबीन ४,१०० रुपयांनी आडतीवर घातलं. सोसायटीचं पीककर्ज दीड लाखाचं. सासरे म्हणतात, "रुपयात होता तोवर ठीक होतं, आता दोन हजार कशाला पाण्यात घालायचे?" दिराचं म्हणणं, "कर्ज भरूच नका, माफी येतीय." ताई विचारतात: विमा भरू की तेवढे पैसे बाजूला टाकू? कर्ज भरू की थांबू? आणि सरकारच्या या योजनांचा आमच्यासारख्यांना खरंच आधार आहे, की नुसती कागदं गोळा करायची?

ताई, तुम्ही एका दमात तीन नुकसानं सांगितलीत. नाल्याकाठचं रान गेलं हे एक. माल ४,१०० ने द्यावा लागला हे दुसरं. आणि हातात पैसा नसल्यामुळे आडतीवर लगोलग जावं लागलं हे तिसरं. घरात या तिन्हींचं मिळून "यंदा शेती गेली" एवढंच होतं. सरकारी हिशेबात मात्र या तीन वेगळ्या खिडक्या आहेत आणि एका खिडकीवर दुसरीचं काम होत नाही. तुमचा सगळा राग विम्यावर निघालाय, म्हणून आधी तोच घेते.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू आहे. तिचा मूळ साचा असा, की विमा तुमच्या रानाचा नसतो, तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या मिळून असलेल्या पट्ट्याचा असतो. मंडळातल्या ठरावीक गावांत पीक कापणी प्रयोग होतात: मोजून आखलेला तुकडा कापायचा, मळायचा, वजन करायचं. त्यावरून मंडळाचं त्या वर्षीचं सरासरी उत्पादन निघतं. दुसऱ्या बाजूला उंबरठा उत्पादन असतं. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. या टक्क्याला जोखीमस्तर म्हणतात आणि आपल्या राज्यात तो ७० आहे.

हिशेब नीट दिसावा म्हणून सोपे आकडे धरू. तुमच्या तालुक्याचे वेगळे असतील. मंडळाची चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल असेल, तर उंबरठा झाला साडेदहा क्विंटल. यंदा मंडळात सरासरी ११ आली तर विमा शून्य. नेहमीच्या मानाने उत्पादन चौथाईहून जास्त घटलं, तरी शून्य. सरासरी ८.४ आली, तर तूट झाली २.१ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. मग विमा संरक्षित रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकते ती, हेक्टरी ५० हजार धरली, तर हेक्टरी १० हजार मिळतात. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, तर २० हजार. आता यात तुमचं रान कुठे आलं? कुठेच नाही. तुमच्या नाल्याकाठी तीन क्विंटल आले आणि मंडळात अकरा, तरी शून्य. तुम्हाला चौदा झाले आणि मंडळाला ८.४, तरी वीस हजार.

मग २०२४ ला पैसे कसे आले? तेव्हा या मूळ साच्याला जोडण्या होत्या: स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, काढणीनंतरचं नुकसान. तुम्ही ७२ तासांत दिलेली पूर्वसूचना यातल्या स्थानिक आपत्तीखाली गेली, पंचनामा झाला आणि भरपाई तुमच्या रानापुरती आली. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात आला, अर्जांचा पूर आला, बोगस अर्जांचा गवगवा झाला, आणि २०२५ च्या खरिपापासून राज्याने तो बंद करून शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत केला: खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. त्याच निर्णयात या चारही जोडण्या काढल्या आणि फक्त कापणी प्रयोगावरची भरपाई ठेवली. माझ्या मते रुपया जाऊन दोन टक्के आले हा बदल लहान होता. या जोडण्या गेल्या हा मोठा. चर्चा मात्र गावोगावी रुपयाचीच झाली. नाल्याकाठच्या, उताराच्या, गारपिटीच्या पट्ट्यातल्या माणसाचा विमा त्या दिवशी निम्मा झाला, हे फारसं कुणी सांगितलंच नाही.

म्हणून मामांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, उत्तर द्यायच्या आधी एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: मंडळ बुडतं तेव्हा तुम्ही बुडता, की मंडळ तरलं तरी तुम्ही बुडता? दुष्काळ, पावसाचा महिनाभराचा खंड, पिवळा मोझॅक रोग, सगळीकडे एकदम झालेली अतिवृष्टी ही मंडळाची संकटं आहेत आणि त्यांच्यासाठी हा विमा कामाचा आहे. नाल्याचं पाणी ही तुमच्या दोन एकरांची अडचण आहे. तिच्यावर आजच्या विम्यात औषध नाही. त्या दोन एकरांत चर काढणं, रुंद वरंबा सरीवर पेरणं किंवा तिथे सोयाबीनचा हट्ट सोडणं हाच त्यांचा विमा. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन आपल्या मंडळाचं सोयाबीनचं उंबरठा उत्पादन आणि मागच्या काही वर्षांचं प्रत्यक्ष उत्पादन विचारा. ही माहिती गुप्त नसते. त्यावरून किती वर्षांत पैसे निघाले असते ते घरी बसून मांडता येईल.

आणि मामांचा मुद्दा? वरच्या आकड्यांनी धरलं तर दोन हेक्टरांचा हप्ता होतो दोन हजार. उरलेला केंद्र आणि राज्य भरतात. दोन हजार दरसाल बाजूला टाकले तर सात वर्षांत चौदा हजार साठतील. मंडळाचं उत्पादन एका वर्षी उंबरठ्याच्या निम्म्यावर आलं, तर विम्याचे पन्नास हजार होतात. दीड लाखाचं कर्ज डोक्यावर असलेल्या कोरडवाहू घराने हा हप्ता चुकवू नये असं मला वाटतं. पण भरल्यावर तो पैसा येणारच असं धरून पोरांची फी किंवा बी-बियाण्याची उधारी ठरवू नका. पाच वर्षांत एकदाही आला नाही तर फसवणूक झाली असं समजू नका, आणि आला तर बोनस समजू नका. पीएम किसानचा एक हप्ता दोन हजारांचाच असतो. तो आला की विम्याला लावायचा, एवढा साधा नेम घरात लावून टाका. केंद्राचे सहा आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा असे वर्षाला बारा हजार मामांच्या खात्यात येतात. जिथे पाऊस पाडेल तसं उत्पन्न असतं, तिथे हीच काय ती ठरलेली रक्कम.

एक सावधगिरीचा भाग. कर्ज असेल तर हप्ता सोसायटीमार्फत किंवा बँकेतून परस्पर कापला जाऊ शकतो. २०२० पासून विमा कर्जदारांनाही ऐच्छिक आहे, पण नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी तसं लिहून द्यावं लागतं. तेव्हा कापला आहे की नाही ते आधी विचारा. बँकेत एकदा आणि सेवा केंद्रात दुसऱ्यांदा असं होऊ देऊ नका. दरवर्षी शासन निर्णय नवा निघतो. यंदा कुठल्या जोडण्या परत आल्या, कुठल्या नाहीत, हे त्याच वर्षीचा कागद पाहून ठरवा. गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका, तुम्ही एकदा तसंच गेलात.

बुडालेल्या दोन एकरांसाठी खिडकी वेगळी होती: आपत्तीचं अनुदान. त्याला हप्ता नाही. पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान दिसलं तर आपत्ती निधीच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, एरवी दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पुरानंतर राज्याने ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १० हजार वेगळे जाहीर केले. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते: पंचनाम्याच्या यादीत मामांचं नाव आहे का? तलाठ्याकडे यादी पाहा, व्हीके नंबर, म्हणजे यादीतला विशिष्ट क्रमांक, घ्या, ई-केवायसी राहिली असेल तर करून घ्या. पैसे मंजूर होऊन केवायसीवाचून अडकलेली नावं जवळजवळ प्रत्येक गावात सापडतात. हा पैसा खर्च भरून काढायला पुरणारा नाही, निकषात तर तो दावाही नाही. पुढची पेरणी उभी राहावी एवढाच त्याचा हेतू.

आता भावाकडे वळू, कारण तुमचं मोठं नुकसान तिथे झालंय असं मला दिसतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये. तुम्ही विकलं ४,१०० ने. क्विंटलमागे १,२२८ रुपये गेले, वीस क्विंटलांचे २४,५६० झाले. दोन हजारांच्या हप्त्यावर घरात इतकी वादावादी झाली आणि या साडेचोवीस हजारांवर एक ओळ! विमा उत्पादनाचा आहे, भावाचा नाही. पीक भरघोस आलं आणि भाव कोसळला, तर विम्यातून दमडी मिळत नाही. भावाचा धोका उचलण्यासाठी हमीभावाची खरेदी आहे, नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांच्या केंद्रांवर होणारी. पण ती आपोआप होत नाही. आधी नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मग मेसेजची वाट, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, माल डागी नको, आणि पैसे काही दिवसांनी खात्यात. प्रत्येक पायरीवर लोक गळतात आणि शेवटी आडत्याचा काटा जवळचा वाटतो. त्यात त्यांना दोष देत नाही. रोख पैशाची निकड असते.

इथे रानातल्या कामाची एक गोष्ट. नाल्याकाठचं डागी, कोंबाळलेलं सोयाबीन आणि वरच्या तीन एकरांतलं कोरडं सोयाबीन एकाच ताडपत्रीवर ओतू नका. मळणी यंत्र एका दिवसासाठी येतं, घाई असते, ढीग एक होतो, आणि मग सगळाच माल डागी म्हणून परत येतो. वरचं रान आधी मळा, पोती बांधून बाजूला लावा, मगच खालचं यंत्रात घाला. चांगल्या मालाला हमीभावाच्या रांगेत उभं करता येतं. डागी माल आडतीवर जाऊ द्या.

तिसरं नुकसान रोकडीचं. हरभऱ्याची पेरणी तोंडावर, कृषी केंद्राची उधारी, मजुरीचे पैसे, आणि खरेदी केंद्राचा मेसेज नाही. यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. क्विंटलला चार हजार धरले तर वीस क्विंटलांवर साठ हजार हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं अठराशे. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत, म्हणून आपल्या समितीत ती चालू आहे का हे दिवाळीत विचारण्यापेक्षा ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. पुढे भाव वाढेलच असं मात्र मी म्हणणार नाही. तारण ठेवून भाव आणखी पडल्याचीही उदाहरणं आहेत. तारणाने मिळते ती सवड, म्हणजे गरजेच्या दिवशी मिळेल त्या भावाला माल द्यावा लागत नाही.

आता दीर. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ असं सांगितलं होतं, आणि आधीच्या दोन माफ्या सगळ्यांनी पाहिल्यात. पण त्या माफ्यांचे कागद काढून पाहा. २०१७ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या माफीत दीड लाखापर्यंतचं ते कर्ज बसलं, जे ३० जून २०१६ ला थकलेलं होतं. डिसेंबर २०१९ च्या माफीत थकबाकीची तारीख होती ३० सप्टेंबर २०१९. दोन्ही वेळा तारीख मागची. घोषणा ऐकून ज्यांनी हप्ता थांबवला ते त्यात बसले नाहीत. थकबाकीदार मात्र झाले. नियमित भरणाऱ्यांना २०१९ च्याच योजनेत ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन ठरलं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं.

माफी कुठली तारीख धरेल ते तिचा कागद निघेपर्यंत दिरांना सांगता येणार नाही. थांबण्याची किंमत मात्र आज काढता येते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. ७ टक्क्यांनी दीड लाखाचे वर्षाला साडेदहा हजार, वर दंडव्याज. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढचं कर्ज मिळत नाही. जूनमध्ये बी-खताला सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी दीड लाख उचलले, तर सहा महिन्यांत सत्तावीस हजार व्याज. 'फुकट थांबायचं' ते एवढ्याला पडतं.

म्हणून कर्ज अजून थकलेलं नसेल आणि जमत असेल, तर मुदतीत भरून नवं-जुनं करून घ्या, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचला. त्यासाठी चार दिवसांचे हातउसने लागले तर घरातून, भावकीतून बघा. आधीच थकलेलं असेल तर मात्र माझा सल्ला उलटा आहे: सोसायटी फेडण्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या तालुक्यांत वसुलीला स्थगिती आणि कर्जाचं पुनर्गठन (थकलेलं कर्ज नव्या हप्त्यांत बांधून देणं) अशा सवलती असतात. तुमचा तालुका त्या यादीत आहे का हे सोसायटीच्या गटसचिवाला विचारा, आणि पुनर्गठन करायचं तर नव्या हप्त्यांवर व्याज किती, शून्य टक्क्याची सवलत उरते का, हे सही करायच्या आधी विचारा.

तुमचा शेवटचा प्रश्न, आधार की कागदं? दोन्ही आहे, आणि कागदांची बाजू तुमच्याकडे कमकुवत आहे. कुठलीही खिडकी घ्या, आधी सातबाऱ्यावर पीक लागलेलं पाहिजे. विमा आणि हमीभाव तर त्याच्यावर आहेतच. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला राज्याने हेक्टरी पाच हजार दिले, तेव्हाही पात्रता पिकाच्या नोंदीवरून, मुख्यतः ई-पीक पाहणीवरून (रानात उभं राहून मोबाइलवर केलेली पिकाची नोंद) ठरवली होती. तुमच्याकडे तर आंतरपीक आहे. विम्यात पाच एकर सोयाबीन लिहिलं आणि पाहणीत सोयाबीन-तूर मिश्र लागली, तर क्षेत्र जुळत नाही आणि पाहणीचीच नोंद खरी धरतात. ओळींच्या प्रमाणात दोन्ही पिकांचं क्षेत्र काढा आणि दोन्हीकडे तेच लिहा. पाहणी स्वतः रानात उभं राहून, पहिल्या आठवड्यात, सर्व्हर थकायच्या आत करा. कापणी प्रयोग कुठल्या गटात आहे ते कृषी सहायकाला विचारून ठेवा आणि त्या दिवशी दोन-चार जणी तिथे जा. मंडळाचा आकडा मुख्यतः तिथे तयार होतो.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंत की मामांचं आधार दिराच्या मोबाइलला जोडलेलं आहे आणि ओटीपी तिकडे जातो, "ते शहरात असतात, कधी सांगतात कधी विसरतात." माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात महाग अडचण हीच आहे. शेतकरी ओळख क्रमांक, विमा, अनुदानाची केवायसी, हमीभावाची नोंदणी सगळं त्या सहा आकड्यांवर अडतं. जमीन कुणाच्या नावावर असावी हा वाद आज काढू नका, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. मामांना घेऊन आधार केंद्रावर जा आणि रोज घरात असतो तो नंबर जोडून घ्या. दिराला आधी सांगून जा, म्हणजे त्याचाही गैरसमज होणार नाही. हे काम पेरणीआधी झालं पाहिजे, कारण विम्याच्या मुदतीच्या आठवड्यात सेवा केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.